फोटो नॉर्मल आहे

मंडळी, गेल्या दिवाळीत दोन-तीन शनिवार इथे सामसूम होती. काहींनी मेल करून चौकशी केली, बाकीच्यांना बहुधा बरंच वाटलं असावं :) कारण साधं होतं. हिंगणघाटला घरी होतो आणि आबांना एमआरआयसाठी नागपूरला घेऊन गेलो होतो.

आबा म्हणजे माझे आजोबा. हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये सदतीस वर्षं मुनीम होते. कापसाच्या गाड्या, वजनं, उचल, शेतकऱ्यांची बाकी, सगळं तोंडपाठ. मी इंजिनिअरिंगला असताना सायंटिफिक कॅलक्युलेटरवर बोटं आपटत असायचो आणि ते खाटेवर पडल्या पडल्या उत्तर सांगून मोकळे व्हायचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स. गोळ्या सुरू झाल्या, बरंच आटोक्यातही होतं. मग गेल्या वर्षी त्यांना अंगणात मुलं बसलेली दिसायला लागली. "त्या पोरायले चहा दे ना व," असं आजीला सांगायचे. अंगणात कोणी नसायचं. दुधाच्या हिशेबात चुका व्हायला लागल्या, आणि घरात सगळ्यांना कसंतरी झालं ते त्या हिशेबाने. मुलांपेक्षा.

काका म्हणाले, मेंदूचा फोटो काढू. मीही म्हणालो. आमची पिढी म्हणजे लॉग फाइल बघितल्याशिवाय बग मान्य न करणारी. जाम चौरस्त्यावर चहा घेऊन नागपूर गाठलं, आबांना त्या धडधडणाऱ्या नळकांड्यात घातलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. वयानुसार मेंदू किंचित आकसलेला, बाकी उल्लेखनीय काही नाही. काका वैतागले, "येवढा पैसा घातला अन् फोटो नॉर्मल?" आबा मात्र गाडीत खूश. "मी तं सांगतच होतो, मले काही नाही झालं म्हणून."

त्या रात्रीपासून मी वाचत सुटलो. काहीच बिघडलं नाही असं यंत्र सांगतंय आणि माणूस तर डोळ्यांदेखत बदलतोय, हे कोडं सुटेना. वाचता वाचता कळलं की हे कोडं दोनशे वर्षं जुनं आहे, आणि त्याचे धागे मुंबईपर्यंत येतात.

सुरुवात लंडनची. जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरने 1817 साली थरथरीच्या लकव्यावर एक छोटा निबंध छापला. त्यात रुग्ण किती? सहा! त्यातलेही तीनच त्याने नीट तपासलेले. बाकीचे रस्त्यात दिसलेले, एक तर लांबूनच पाहिलेला. एवढ्या सॅम्पलवर आज कॉलेजच्या प्रोजेक्टलाही कोणी मार्क देणार नाही. पण माणसाची नजर विलक्षण होती. पुढे झुकलेली चाल, स्थिर हाताची थरथर, चालता चालता पळत सुटणं, सगळं त्याने टिपलं. फक्त एक गोष्ट चुकली. या आजारात इंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असं त्याने लिहून ठेवलं.

पुढे पॅरिसच्या शार्कोने या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं, आणि रुग्णांची बुद्धीही कालांतराने मंदावते हेही सांगितलं. पण व्याख्या पहिल्या माणसाचीच टिकली. जुन्या कोडमधली कॉमेंट कोणी बदलत नाही, तसंच. शंभर-दीडशे वर्षं डॉक्टर शिकत राहिले की हा हातापायांचा आजार आहे, डोक्याचा नाही. त्याला एक कारणही होतं. डोक्यावर परिणाम दिसण्याइतकी वर्षं बहुतेक रुग्ण जगतच नव्हते. पडणं, न्यूमोनिया, अंथरुणाला खिळणं यातच संपायचे.

ते जगायला लागले ते लेव्होडोपामुळे. आणि इथे आपल्याकडची एक मजेदार साखळी आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार वापरात. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर वापरली आणि 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. तोवर रक्तदाबावर धड औषध नव्हतं. (आमच्या सेवाग्रामात गांधीजींचा रक्तदाब चढला की देशभर बातमी व्हायची, आणि उपाय काय, तर विश्रांती, मौन आणि आहार.) वकिलांच्या पेपरनंतर जगाचं लक्ष सर्पगंधेकडे गेलं आणि 1952 साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं. रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण उदास व्हायचे, आणि काहींना चक्क पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसायची. औषधाचा साइड इफेक्ट. पण स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसनला त्यात किल्ली दिसली. त्याने सशांना रेसरपिन दिलं. ससे कान पाडून गोळा होऊन बसले. मग त्यांना डोपाचं इंजेक्शन दिलं आणि काही मिनिटांत ससे उठून फिरायला लागले! हे 1957 साल. त्यातून डोपामिन हे मेंदूतलं स्वतंत्र संदेशवाहक रसायन आहे हे पुढे आलं. 1960 मध्ये व्हिएन्नाच्या होर्निकिविझने पार्किन्सन्सने मेलेल्यांच्या मेंदूत डोपामिन नाहीसं झालेलं दाखवलं. 1967 मध्ये अमेरिकेत कोटझियसने डोपा हळूहळू वाढवत मोठ्या डोसपर्यंत नेलं, आणि वर्षानुवर्षं पुतळ्यासारखी बसलेली माणसं चालायला लागली. कार्लसनला 2000 साली नोबेल मिळालं. वकिलांना 1957 सालीच अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं होतं, पण आज मुंबईत किती जणांना त्यांचं नाव ठाऊक आहे, देव जाणे.

याच साखळीला जोडून दुसरी कडी. खाजकुयली! शेताच्या बांधावरची, अंगाला लागली की जीव नकोसा करणारी. तिचं बी आयुर्वेदात कवचबीज म्हणून येतं. त्या बियांत लेव्होडोपा आहे हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 सालीच दाखवलं होतं. कार्लसनच्या सशांच्या वीस वर्षं आधी. पण तेव्हा या रसायनाचा मेंदूशी काय संबंध हे जगात कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे शोध लागूनही तसाच पडून राहिला.

असो. आता फोटोकडे येतो, मूळ भांडण तिथलं आहे.

कवटी न उघडता मेंदू पाहायचा तर 1971 पर्यंत जे मार्ग होते त्यातला एक ऐकूनच पोटात गोळा येतो. अमेरिकेच्या वॉल्टर डँडीने 1919 साली काढलेली युक्ती. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि एक्स-रे काढायचा. हवा मेंदूच्या पोकळ्यांत चढते, त्यांची सावली येते, आणि त्या पोकळ्यांच्या आकारावरून मेंदूचा अंदाज. रुग्णाला पुढे काही दिवस भयंकर डोकेदुखी. मेंदू स्वतः दिसतच नव्हता, दिसायची ती त्याच्या आतली रिकामी जागा.

मग आला आपल्या जातीचा माणूस, गॉडफ्रे हाउन्सफिल्ड. डॉक्टर नव्हे, इंजिनिअर. ईएमआयमध्ये, म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीत, कॉम्प्युटर बनवायचा. त्याचा विचार सोपा होता. एक्स-रेचा बारीक किरण डोक्यातून एका रेषेत पाठवला तर किती शोषला गेला हा एक आकडा मिळतो, म्हणजे एक समीकरण. असे 160 किरण, 180 कोनांतून. झाली 28,800 समीकरणं. अज्ञात संख्या 80 गुणिले 80, म्हणजे 6,400. सोडवा! दहावीला आपण दोन चलांची एकसामयिक समीकरणं सोडवताना मास्तरांना शिव्या घातल्या होत्या, त्याचा हा उपयोग. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. 80 गुणिले 80 चं ते चित्र आजच्या मोबाइलमधल्या आयकॉनपेक्षा धूसर, पण डॉक्टरांना मेंदूतली गाठ दिसली. 1979 साली हाउन्सफिल्डला नोबेल मिळालं.

आता योगायोग बघा. त्याच 1971 साली, 'ब्रेन' नावाच्या विख्यात नियतकालिकात मुंबईहून आलेला एक पेपर छापून आला. लेखक वाडिया आणि स्वामी.

डॉ. नोशीर वाडिया 1957 च्या सुमाराला लंडनहून परतले आणि जेजे हॉस्पिटलमध्ये त्यांनी न्यूरोलॉजी विभाग उभा केला. त्यांच्यापुढे काही अशी कुटुंबं आली ज्यांत पिढ्यान् पिढ्या तोल जाण्याचा आजार होता. चालताना झोकांड्या, बोलणं अडखळत, हात थरथरते. असे आनुवंशिक आजार आधीही माहीत होते, एकात एक मिसळलेले, प्रत्येक प्रोफेसरचं वेगळं वर्गीकरण. वाडियांनी पाहिलं ते वेगळंच. या माणसांचे डोळे हळू फिरत होते.

म्हणजे काय, ते आत्ता करून बघा. मॉनिटरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघा, मग झटकन उजव्या. डोळे उडी मारतात, सेकंदाच्या छोट्याशा अंशात. ती उडी आपल्याला जाणवतही नाही. या रुग्णांत ती उडी नव्हतीच. डोळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरपटत जात, आणि बघणाऱ्याला तो प्रवास नुसत्या डोळ्यांनी मोजता येई. वाडिया आणि स्वामींनी अशी नऊ कुटुंबं मांडली आणि म्हटलं, हा वेगळा आजार आहे.

यंत्र काय लागलं? डॉक्टरांची दोन बोटं. इकडे बघा, आता इकडे बघा.

पंचवीस वर्षांनी, 1996 मध्ये, बाराव्या गुणसूत्रावर या आजाराचा जीन सापडला. डीएनएमधली सी-ए-जी ही तीन अक्षरं साधारणपणे बावीसेक वेळा येतात तिथे ती तेहतीस-चौतीसच्या पुढे गेली की आजार. (लूपची एक्झिट कंडिशन बिघडल्यासारखं, पण उपमा फार ताणत नाही.) त्याला आता एससीए-2 म्हणतात. 1998 साली वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांत तो जीन तपासून पुन्हा 'ब्रेन'मध्येच लिहिलं, की डोळ्यांची मंद उडी ही या आजाराची खरोखरच भरवशाची खूण आहे. म्हणजे बोटं फिरवून केलेली वर्गवारी जीनच्या कसोटीलाही उतरली. वाडियांना 2012 साली पद्मभूषण मिळालं, 2016 साली ते गेले.

या आजारात गंमत अशी की एमआरआयमध्ये तो दिसतो. छोटा मेंदू आणि मेंदूच्या देठाचा काही भाग आकसलेला स्पष्ट दिसतो. काही रुग्णांत पुढे विचारशक्तीही मंदावते. असे आणखी आजार आहेत. 1964 साली स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी टोरांटोतून मांडलेला पीएसपी घ्या. त्याची गल्लत पार्किन्सन्सशी सर्रास होते. त्यात मेंदूच्या देठाचा वरचा भाग इतका झिजतो की बाजूने काढलेल्या एमआरआयमध्ये त्याचा आकार हमिंगबर्ड पक्ष्यासारखा दिसतो. त्याच नावाने ती खूण ओळखतात. रेडिओलॉजिस्ट मंडळींना प्राणी-पक्षी फार दिसतात. विल्सन्समध्ये पांडा, आणखी एका आजारात वाघाचा डोळा.

मग आबांच्या फोटोत काहीच का नाही? कारण साध्या पार्किन्सन्समध्ये जे मरतं ते मेंदूच्या देठातल्या एका इवल्याशा काळसर पट्ट्यातल्या पेशी. सगळ्या मेंदूच्या मानाने नगण्य. नेहमीच्या एमआरआयला ते दिसत नाही. सर्व्हर रूमचा फोटो काढून कुठली सर्व्हिस बंद पडली हे सांगा म्हटल्यासारखं आहे. दिवे सगळे हिरवे! डोपामिन दाखवायला वेगळी युक्ती लागते. 1983 साली कॅनडात गार्नेट आणि सहकाऱ्यांनी डोपाच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून जिवंत माणसाच्या मेंदूत डोपामिनचा मुक्काम पहिल्यांदा दाखवला. त्या फ्लोरिनचं अर्धं आयुष्य 110 मिनिटांचं, म्हणून ते जवळपास बनवावं लागतं. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट स्कॅनर आला. आता ट्रोडॅट नावाचा स्कॅनही आपल्याकडे होतो. निरोगी माणसात तो भाग स्वल्पविरामासारखा दिसतो, पार्किन्सन्समध्ये शेपूट झडून नुसता ठिपका उरतो. पण तोही डोपामिनच्या तारा दाखवतो. आबा दुधाचा हिशेब का विसरले, हे तोही सांगत नाही.

आणि विसरणं किती सर्रास आहे? सिडनीत 1980 च्या दशकात नव्याने निदान झालेले 136 रुग्ण घेतले आणि त्यांचा वीस वर्षं पाठपुरावा केला. 2008 साली निकाल छापला. वीस वर्षांनंतर जे हयात होते त्यांतल्या 83 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश होता. पार्किन्सनची ती 1817 ची ओळ अशी पडली. ती स्कॅनरने पाडली नाही. त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षं भेटून, तेच तेच प्रश्न विचारून पाडली. मुंबईत भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत दारोदार जाऊन 14,010 लोक पाहिले आणि 46 जणांत पार्किन्सन्स सापडला, तो 1988 चा पेपरही असाच, चपला झिजवून केलेला. आमच्या वर्ध्यात सुशीला नायर यांनी 1969 साली सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. तिथे प्रत्येक बॅच एक खेडं दत्तक घेते आणि पोरं घरोघर फिरतात. कॉलेजात असताना मला ते जरा भाबडं वाटायचं. आता नाही वाटत.

तर आबा.

नागपूरहून आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांना वर्ध्यात एका न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. मी फिल्मचा लखोटा टेबलावर ठेवला. त्यांनी तो पाच मिनिटं बघितला. पाणी साचलंय का, रक्त साकळलंय का, गाठ आहे का, लकव्याच्या खुणा आहेत का, हे बघायलाच हा फोटो असतो म्हणाले. म्हणजे पैसे वाया गेले नव्हते. मेंदूत पाणी साचल्यानेही चाल आणि स्मरण दोन्ही बिघडतात आणि त्यावर ऑपरेशन असतं. ते नाही, एवढं कळलं. मग लखोटा बाजूला सारून ते आबांशी बोलायला लागले.

"आबाजी, शंभरातून सात वजा करा."

"त्र्याण्णव."

"अजून सात."

आबा थांबले. सदतीस वर्षं मुनीमगिरी केलेला माणूस. ओठ हलत होते. मी खिडकीकडे बघत बसलो. मग महिने उलटे सांगा म्हटल्यावर आबांनी फाल्गुनापासून सुरुवात केली. फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष, कार्तिक... आणि तिथे अडकले. घड्याळ काढायला सांगितलं तर बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले.

नंतर डॉक्टरांनी विचारलं, गोळ्यांची पिशवी आणलीय का? आजीने आणली होती, आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हतं. त्यांनी एक एक पट्टी उलटून पाहिली आणि एक वेगळी काढली. ट्रायहेक्सीफेनिडिल. थरथर कमी करायला पहिल्या वर्षी कोणी तरी लिहून दिलेली, नंतर दोन डॉक्टर बदलले, ती चालूच राहिली. मी घरी येऊन हेही वाचलं. 1867 मध्ये शार्कोच्या ओर्डेनस्टाईन नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात बेलाडोनाच्या जातीची औषधं थरथरीवर नोंदवली आहेत. आपला धोतराही त्याच कुळातला. धोतऱ्याचं बी पोटात गेलेला माणूस कसा बरळतो, नसलेली माणसं त्याला कशी दिसतात, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. 1949 साली आलेली ही गोळी कारखान्यात बनवलेली, पण काम त्याच रीतीने करते. मेंदूतल्या ॲसिटिलकोलिनला अडवते. थरथर कमी होते, पण स्मरणाला तेच रसायन लागतं, आणि पार्किन्सन्समध्ये ते आधीच तुटपुंजं असतं. तरुण रुग्णाला चालून जाते. ऐंशीच्या माणसाला?

सगळा दोष त्या गोळीचा नव्हता, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. आजार आहेच, तो वाढणार आहे. त्यांनी ती एकदम न थांबवता हळूहळू कमी केली (एकदम थांबवू नका, विचारल्याशिवाय तर अजिबातच नाही) आणि रिव्हास्टिगमिन सुरू केलं, ॲसिटिलकोलिन टिकवून धरणारं.

दोन महिन्यांत अंगणातली मुलं येईनाशी झाली. हात आधीपेक्षा जास्त थरथरतो, चहा बशीत सांडतो. आजीला तो सौदा पटलाय. हिशेब पूर्ण परतला नाही. शंभरातून सात आता त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशीपर्यंत जातात, एखाद्या दिवशी बहात्तर.

संक्रांतीला गेलो तेव्हा माळ्यावरून त्यांच्या घरखर्चाच्या वह्या काढल्या. निवृत्तीनंतरही रोज रात्री लिहायचे. पट्टी घेऊन बसलो. हात थरथरायला लागला त्याच्या दोन वर्षं आधीच्या वहीत अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत गेलंय. डावीकडे 'दूध' ठसठशीत आणि उजवीकडचे रुपये मुंगीएवढे. पार्किन्सन्समध्ये असं होतं, त्याला नावही आहे. तेव्हा घरात सगळे म्हणायचे, आबा कागद वाचवतात. चिक्कू आहेत.

आबांना ती वही दाखवली. बराच वेळ बघत बसले. मग बोट ठेवून म्हणाले, "हे बेरीज चुकली नाही पण. पाहून घे."

पाहून घेतली. चुकली नव्हती.